झ्वँव्हील, झाँ द

(सु. १२२५–२४ डिसेंबर १३१७). फ्रान्समधील शाँपान्य प्रांताचा सरदार, सातव्या धर्मयुद्धातील योद्धा आणि राजा नववा लूई याचा चरित्रकार. मार्न नदीकाठचे झ्वँव्हील हे त्याचे वतनाचे गाव. शाँपान्यच्या काउंटच्या दरबारातील सेनेशाल, म्हणजे मुख्य कारभारी, हे पद या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. वडील सीमाँ यांच्या मृत्यूनंतर हे पद लहानपणीच झाँकडे आले. काउंट चौथा तीबो नावारचाही राजा होता. विद्येची आवड असलेल्या या कवी-राजाच्या दरबारात झाँ वाढला.

धर्मयुद्ध हा या घरातला कुळाचारच होता. पणजोबा तिसरे झोफ्र्वा दुसऱ्या धर्मयुद्धात गेले होते. आजोबा चौथे झोफ्र्वा ११९० मध्ये आक्रच्या वेढ्यात मरण पावले. चुलते पाचवे झोफ्र्वा चौथ्या धर्मयुद्धाच्या काळात सिरियातील क्राक या किल्ल्यावर वारले. वडील १२१९ मध्ये इजिप्तमधील दमिएत्ताच्या वेढ्यात होते. त्यामुळे १२४८ मध्ये, विशीत असलेला झाँ राजा लूईच्या धर्मयुद्धाला निघाला, त्यात तत्कालीनांना नवल वाटण्यासारखे काही नव्हते. त्याने निघण्याची तयारी कशी केली, ते मात्र मुद्दाम सांगायला हवे.

पहिली पत्नी आलिक्स द ग्राँप्रे हिला त्या ईस्टरच्या सुमारास दुसरा मुलगा झाला. घरात आठवडाभर मेजवान्या झाल्या. शेवटी झाँने आपल्या माणसांना एकत्र करून सांगितले, की मी परत येईन की नाही ठाऊक नाही. माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर आत्ताच बोला, भरपाई करतो. निवाडा त्यांनीच करावा म्हणून तो स्वतः बैठकीतून उठून गेला. आई बेआत्रिस हयात असल्याने वतनाचे पूर्ण उत्पन्न त्याच्या हाती नव्हते. बऱ्याचशा जमिनी गहाण टाकून त्याने स्वतःसह दहा सरदारांचा खर्च उचलला. आसपासच्या तीर्थस्थळांना तो अनवाणी गेला. वाटेत आपल्या किल्ल्याकडे वळून पाहण्याचे त्याने टाळले. किल्ला आणि दोन मुले पाहून मन विरघळेल, अशी त्याला भीती होती. ही कबुली त्याची स्वतःची आहे. मध्ययुगीन सरदाराने आपल्या मनाचा असा हळवा कोपरा लिहून ठेवल्याची उदाहरणे फारच थोडी.

सायप्रसला पोहोचेपर्यंत पैसे संपत आले. तेव्हा लूईने त्याला आपल्या चाकरीत घेतले आणि आयुष्यभराचा स्नेह जुळला. १२४९ मध्ये दमिएत्ता जिंकले, पण पुढच्या वर्षी मन्सूराच्या लढाईनंतर उपासमारीने आणि रोगराईने फौज खचली. एप्रिल १२५० मध्ये राजा व झ्वँव्हील दोघेही कैद झाले. झ्वँव्हीलला विचारण्यात आले, की तू राजाचा नातलग आहेस का? तो ‘नाही’ म्हणाला. सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्याशी नाते आहे का, या प्रश्नावर मात्र त्याला आईचे माहेर आठवले: ती फ्रेडरिकची बहीण लागत होती. इजिप्तमध्ये फ्रेडरिकला मान होता, त्यामुळे या नात्याने झाँची बाजू सावरली.

सुटकेच्या खंडणीचा दोन लाख लिव्हरचा पहिला हप्ता तागडीत तोलून दिला जात होता. त्यात तीस हजार कमी पडले. टेंपलर या लढवय्या धर्मसंघाच्या गलबतावर लोकांच्या ठेवी होत्या, पण खजिनदार किल्ल्या देईना. झ्वँव्हीलने कुऱ्हाड उचलली आणि हीच राजाची किल्ली, असे बजावले. संघाच्या मार्शलने प्रकरण ओळखून किल्ल्या देववल्या. पुढे आक्रमध्ये बहुतेक सरदार मायदेशी परतण्याचा सल्ला देत असताना, कैदेत अडकलेल्या सामान्य शिपायांना वाऱ्यावर सोडू नये म्हणून राजाने थांबावे, असे सांगण्याचे धैर्य त्याने दाखवले. राजा थांबला. दोघे १२५४ मध्ये परतले.

राजावर निस्सीम भक्ती असूनही त्याची एक उणीव झ्वँव्हीलने झाकली नाही. आपली पत्नी आणि मुले यांच्याविषयी राजा कधी बोलत नसे. घरच्यांशी असे परक्यासारखे वागणे झ्वँव्हीलला खटकले. स्वतःच्या पत्नीबद्दल मात्र त्यानेही जवळजवळ काही लिहिलेले नाही. आलिक्सच्या मृत्यूनंतर १२६१ च्या सुमारास त्याने आलिक्स द रेनेल हिच्याशी विवाह केला. तिच्यापासून झालेला आँसो पुढे वारस ठरला. धाकटा भाऊ झोफ्र्वा याने इंग्लंडच्या राजाची चाकरी धरली आणि लग्नसंबंधाने तो आयर्लंडमधील ट्रिमचा धनी झाला. त्याची नात जोन हिचा विवाह रॉजर मॉर्टिमर याच्याशी झाला. इंग्लंडचा राजा दुसरा एडवर्ड याला पदच्युत करणाऱ्यांतला प्रमुख तो हाच.

झ्वँव्हीलचे मोठेपण रणांगणापेक्षा १२७० च्या मोहिमेला दिलेल्या नकारात अधिक दिसते. लूईने ट्यूनिसच्या मोहिमेसाठी आग्रह केला. झाँने उत्तर दिले, की मागच्या वेळी मी समुद्रापार असताना सरकारी अंमलदारांनी माझ्या रयतेला नागवले. देवाला संतोष द्यायचा तर मी इथेच राहून तिचे रक्षण केले पाहिजे. चार पिढ्यांचा कुळाचार मोडणारे हे उत्तर त्याने आपल्या लाडक्या राजाला दिले. राजा तेव्हा इतका अशक्त होता, की झाँने त्याला हातांवर उचलून नेले होते. लूई त्या मोहिमेत वारला. त्याला मोहिमेचा सल्ला देणाऱ्यांनी घोर पाप केले, असे झ्वँव्हीलचे ठाम मत होते.

१२८२ मध्ये लूईच्या संतपदाच्या चौकशीत त्याने साक्ष दिली. १२९७ मध्ये संतपद जाहीर झाल्यावर आपल्या चॅपेलमध्ये लूईच्या नावाने वेदी उभारली. राजा चौथा फिलीप याची राणी झान द नावार हिच्या विनंतीवरून लिहायला घेतलेले चरित्र १३०९ मध्ये तिचा मुलगा, पुढे राजा झालेला दहावा लूई, याला अर्पण झाले. राणी १३०५ मध्येच वारली होती. म्हातारपणीही तो गप्प बसला नाही: राजा चौथा फिलीप याच्या करांविरुद्ध एकवटलेल्या सरदारांत तो होता. नव्वदी ओलांडून तो वारला आणि झ्वँव्हीलच्या सँ-लोराँ चर्चमध्ये त्याचे दफन झाले. याच चर्चमध्ये त्याने चुलत्यांची ढाल सिरियाहून आणून टांगली होती.

आँसोची नात मार्गरीत हिच्या विवाहाने वतन लोरेन घराण्याकडे आणि तेथून गीझ घराण्याकडे गेले. डोंगरावरचा किल्ला व चर्च फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पाडले गेले. चरित्र प्रथम १५४७ मध्ये प्वातिये येथे छापले गेले, पण त्यात भाषा बरीच बदललेली होती. चौदाव्या शतकातील चांगली हस्तलिखित प्रत अठराव्या शतकात ब्रुसेल्सहून पॅरिसला आली आणि १७६१ च्या आवृत्तीतून वाचकांना झ्वँव्हीलची जुनी फ्रेंच पुन्हा मिळाली.