भाऊबंद, पण मेमरीतले

'बडी सिस्टीम' हे नाव ऐकलं की वाटतं, असेल काही दोस्तीखात्यातलं. प्रत्यक्षात हा मामला वाटणीचा आहे.

प्रोग्राम मेमरी मागतो, अलोकेटर देतो, काम झालं की परत घेतो. परत आलेले तुकडे वेळच्या वेळी जोडले नाहीत, तर मोकळी जागा भरपूर असूनही सलग मिळत नाही. जोडायचे, तर कुणाला कुणाशी, हे शोधण्यात वेळ जातो. यावर १९६३ साली हॅरी मार्कोविट्झ यांनी 'सिमस्क्रिप्ट' या भाषेसाठी एक तोड वापरली. गुंतवणुकीच्या सिद्धान्तासाठी १९९० चं नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ ते हेच! बेल लॅब्जच्या केनेथ नोल्टन यांना तीच युक्ती स्वतंत्रपणे सुचली. त्यांनी ती १९६५ मध्ये छापली.

युक्ती अशी: १०२४ बाइटचा ब्लॉक आहे आणि हवेत १०० बाइट. निम्मे करत जायचं. ५१२, २५६, १२८. इथे थांबायचं. एका ब्लॉकचे झालेले दोन अर्धे हे एकमेकांचे 'बडी', म्हणजे खरं तर सख्खे भाऊ. परतीच्या वेळी शोधाशोध नाही: १२८ चा ब्लॉक ६४० या पत्त्यावर असेल, तर पत्त्यातला १२८ चा बिट उलटा करा, भाऊ ५१२ वर सापडतो. ७६८ वरचा ब्लॉक ६४० ला खेटून असला, तरी तो नुसता शेजारी. त्याच्याशी जोडणी नाही. भाऊही मोकळा असेल, तर दोघे मिळून पुन्हा २५६. वाटणीनंतर इतक्या निमूटपणे एकत्र येणारे भाऊ मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाहीत.

खोट एकच, पण मोठी. १३० बाइट मागा, २५६ चा ब्लॉक अडकतो. म्हणून लोकांनी वाटणीचे नियमच बदलून पाहिले. १९७३ मध्ये हिर्शबर्ग यांनी निम्म्याऐवजी फिबोनाची आकड्यांत वाटणी केली: २१ चे १३ आणि ८. हुशारीचं काम, पण टिकला तो दुसरा मार्ग. सन मायक्रोसिस्टिम्सचे जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये 'स्लॅब' मांडला: कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, एकाच मापाच्या वस्तू पुन्हापुन्हा लागतात, तर प्रत्येक मापाचा वेगळा साठा आधीच कापून ठेवायचा.

लिनक्समध्ये आज दोन्ही नांदतात; खाली मेमरीच्या पानांची (पेजेसची) वाटणी बडीकडे, वर किरकोळ विक्री स्लॅबकडे. लिनक्स हाताशी असेल तर 'प्रॉक' या डिरेक्टरीतली 'बडीइन्फो' ही फाइल उघडून पाहा. कोणत्या मापाचे किती ब्लॉक या क्षणी मोकळे आहेत, ते तिथे ओळीने लिहिलेलं असतं.