जुन्या ट्रॅक्टर-जीपचं ऑईल गळतंय? इंजिन खोलण्याआधी ब्रीदर बघा

पंधरा-वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरखाली किंवा डिझेल जीपखाली सकाळी काळा डाग दिसणं काही नवं नाही. 'जुनी गाडी, गळणारच' म्हणत काही जण रोज वरून ऑईल ओततात, तर काही जण सील बदलायला थेट इंजिन खोलायला देतात. पहिल्यात ऑईल जातं, दुसऱ्यात हजारो रुपये आणि ऐन पेरणीचे दिवस.

आधी गळतंय काय ते बघावं. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवावा. डिझेल इंजिनचं वापरलेलं ऑईल काळंकुट्ट असतं. जीपचं गिअर ऑईल त्याहून जाड असतं आणि त्याला सहसा गंधकासारखा उग्र वास येतो.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑईल वरून ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने धुवून, फडक्याने पूर्ण कोरडं करावं. सेल्फ आणि अल्टरनेटरवर डिझेल जाऊ देऊ नये. मग संशयाच्या जागी अंगाला लावायची पावडर भुरभुरावी, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद करावं आणि टॉर्चने वरून खाली बघत यावं. पावडर जिथे सर्वात वर ओली झाली, गळती तिथे. हात पोचत नाही तिथे मोबाईलचा कॅमेरा घालून व्हिडिओ काढता येतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन ऑईल सोडतं. ते बदलणं सोपं आहे, पण बोल्ट जोर लावून आवळले की पत्र्याचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते. ड्रेन नटला नवा वॉशर पुरतो. फिल्टर बदलल्यावर गळती सुरू झाली असेल तर जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आहे का ते बघावं; ही चूक फार होते. चेंबरला सिलिकॉन लावताना ते पातळ लावावं. आत गेलेला तुकडा पंपाच्या जाळीत अडकला तर ऑईलच वर चढत नाही.

आता ब्रीदर. इंजिनमध्ये तयार होणारा वायू या नळीतून बाहेर पडतो. धूळ आणि काजळीने ती चोंदली की आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑईल बाहेर ढकललं जातं. अशा वेळी नवीन सील टाकलं तरी काही दिवसांत पुन्हा गळतं, आणि दोष मेकॅनिकवर येतो. नळी काढून डिझेलने धुणं हे घरचं काम आहे. नळी साफ असूनही त्यातून जोरात धूर फेकला जात असेल तर रिंग-पिस्टन झिजलेत. मग नुसत्या सीलवर खर्च करण्यात अर्थ नाही. ऑईल गेजच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तर तेही आधी कमी करावं.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून ऑईल ठिबकत असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा संशय. तिथे पोचायला जीपचा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ट्रॅक्टर तर मधून फोडावा लागतो. थोडं ठिबकत असेल आणि क्लच घसरत नसेल तर हे काम हंगामानंतर, क्लच प्लेट बदलताना एकत्रच करावं. मजुरी एकदाच लागते.

तोवर रोज सकाळी सपाट जागेवर, इंजिन सुरू करण्याआधी गेज बघावा. सायलेन्सरच्या गरम पाईपवर ऑईल पडत असेल तर मात्र थांबू नये, आग लागू शकते. चालू गाडीत ऑईलची लाल लाईट लागली तर शेतात असो वा घाटात, इंजिन तिथेच बंद करावं. आणि न भरता गेजवर ऑईल वाढलेलं दिसलं तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. अशी गाडी सुरू न करता मेकॅनिकलाच बोलवावं.