वाघाची मावशी आणि वाघाचा माग

परतवाडा सोडून धारणीचा रस्ता घाट चढू लागला की मेळघाट सुरू होतो. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्पासाठी जी पहिली नऊ अरण्ये निवडली गेली, त्यांतले हे एक. येथे वाघ मोजणे म्हणजे दीर्घकाळ वाघ 'वाचणे' होते, आणि वाचायचा मजकूर होता धुळीतला पंजा.

ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६च्या सुमारास या वाचनाला पद्धतीचे रूप दिले. मागच्या डाव्या पावलाचा ठसा काचेवर गिरवायचा, कागदावर उतरवून घ्यायचा, प्लास्टरचा साचा काढायचा, आणि ठशाठशांतील फरकांवरून डोकी मोजायची. गृहीतक असे की प्रत्येक वाघाचे पाऊल हस्ताक्षरासारखे वेगळे असते. जुन्या पोथ्यांतील लेखनिकाचे वळण ओळखणाऱ्या अभ्यासकाला ही कल्पना मोहक वाटेल. मलाही वाटली होती. परंतु पोथीचा कागद तरी पानागणिक बदलत नाही. ओल्या मातीत पसरणारे पाऊल कोरड्या धुळीत आखडते. चालीचा वेग बदलला की ठसाही बदलतो. उल्लास कारंत यांनी पिंजऱ्यातील मोजक्या वाघांचे ठसे अनुभवी जाणकारांपुढे ठेवून १९८७ मध्ये दाखवून दिले की, त्यांतून खरी संख्या निघत नाही. यंत्रणेने हे मनावर घ्यायला मात्र बराच काळ गेला. २००१-०२च्या गणनेत देशात ३,६४२ वाघ नोंदले गेले. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे निश्चित झाले. आणि नव्या पद्धतीने केलेल्या २००६च्या अंदाजात आकडा आला १,४११. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतींचे, म्हणून त्यांची वजाबाकी करणे चुकीचे. तरीही धक्का बसायचा तो बसलाच.

नवी पद्धत अंगावरचे पट्टे वाचते. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावायचे आणि दोन्ही कुशींची छायाचित्रे घ्यायची. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली. त्यांत वाघाची होती फक्त ७६,६५१. उरलेला सारा पसारा हरिणांचा, गुरांचा, माणसांचा. एवढा ढीग माणसाने कधी उपसायचा? म्हणून कोणत्या छायाचित्रात कोणता प्राणी आहे हे छाटण्याचे काम कृत्रिम मज्जाजालावर चालणाऱ्या संगणकप्रणालीकडे दिले गेले. पट्ट्यांची जुळणी करणारी प्रणाली वेगळी.

या मज्जाजालाच्या पूर्वजांत एक मांजर आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल हे भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या एकेका पेशीचा प्रतिसाद ऐकत होते. काचेवरच्या ठिपक्याला पेशी दाद देईना. मग काच बदलताना तिच्या कडेची पुसट सावली मांजराच्या डोळ्यांपुढून सरकली, आणि पेशी एकदम कडकडू लागली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट कलाची रेषा हवी होती. अशा साध्या पेशींच्या जोडणीतून अधिक गुंतागुंतीच्या पेशी घडत असाव्यात, अशी मांडणी दोघांनी केली. १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्याच मांडणीवरून कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये 'निओकॉग्निट्रॉन' हे थराथरांचे जाल रचले, आणि पुढची चित्रे ओळखणारी जाले त्याच वळणाची निघाली. मांजर ही वाघाची मावशी, असे आपण पोरांना सांगत आलो. मावशीच्या मेंदूवरून बेतलेले यंत्र आज भाच्याला ओळखते.

भाच्याला स्वतःला मात्र दुसऱ्या वाघाची वार्ता मुख्यतः नाकाने कळते. झाडाच्या बुंध्यावर मूत्रासोबत तो एक स्निग्ध द्रव उडवतो. मागून येणारा वाघ तो हुंगतो, ओठ मुडपतो आणि टाळूतील एका खास इंद्रियाने तो गंध तपासतो. कोलकात्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांचे सहकारी यांना या द्रवात जे द्रव्य सापडले, त्यानेच बासमती तांदळालाही वास येतो. भात शिजत असताना ही गोष्ट आठवली की जरा दचकायला होते. कॅमेऱ्याच्या छायाचित्रात या मजकुराचे एक अक्षरही उमटत नाही.

म्हणूनच जुन्या मागकऱ्याविषयी लिहिताना हात आखडतो. कारंतांची टीका बिनतोड होती, यात शंका नाही. पण ती ठशांवरून डोकी मोजण्याच्या दाव्यावर होती. काल रात्री येथून कोण गेले, नर की मादी, सोबत पिल्ले होती का, हे मातीवरून सांगणाऱ्याच्या जाणतेपणाला तिने धक्का लावला नाही. सरकारी तक्त्याने त्याच्याकडून भलताच आकडा मागितला, आणि आकडा खोटा ठरल्यावर त्याचे ज्ञानच अडाणी ठरवले गेले. मेळघाटात ते ज्ञान मुख्यतः कोरकू माणसांपाशी आहे. त्यांच्या भाषेत वाघ म्हणजे 'कुला'.

२०१८च्या त्याच गणनेसाठी कॅमेरे लागण्याआधी वनरक्षक आणि त्यांचे सोबती देशभरात ५ लाख २२ हजार किलोमीटरांहून अधिक पायी फिरले: विष्ठा, ओरखडे आणि पंजे शोधत. कॅमेरा कोणत्या वळणावर, कोणत्या बुंध्याला बांधायचा, हे अजूनही कुणीतरी खाली वाकून, माती पाहून ठरवतो.