नाकाने धुतलेले कपडे

कपडा स्वच्छ निघाला की नाही, हे आपण हल्ली डोळ्यांनी ठरवीत नाही, नाकाने ठरवितो. घडी नाकाशी न्यावी आणि मोगऱ्याचा भास झाला की म्हणावे, वा, धुणे चांगले झाले! हा अधिकार नाकाकडे कसा आला, त्याची हकिकत मोठी मौजेची आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या धुण्याला सुगंध ठाऊक नव्हता. रिठ्याची टरफले भिजत घालावीत, त्यातले सॅपोनिन फेस करी आणि मळ सोडवी. सुती कपड्यांना खार, धोपटणे आणि कडक ऊन. धुतल्या लुगड्याला कसलाच वास नसणे, हेच स्वच्छतेचे लक्षण होते.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या आणि विलायती वडीचा आपल्याकडे प्रवेश झाला. साबण म्हणजे चरबी किंवा तेल यांचा क्षाराशी लागलेला विवाह. चरबीचा दर्प झाकायला सुगंध हवा, आणि फुलांचा अर्क तर महाग. पण १८६८ सालीच विल्यम पर्किन यांनी कूमारिन, म्हणजे वाळत्या गवताचा गोड वास, प्रयोगशाळेत तयार केला होता. कृत्रिम सुगंधाची वाट मोकळी झाली. पुढे १९५९ साली ‘सर्फ’ आली, १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी ‘निरमा’ काढली. पावडरीत चरबीचा दर्प नव्हता. तरी सुगंध काही घर सोडीना. झाकण्यासाठी आलेला तो आता माल खपवू लागला. आज तर सुगंधाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कुप्या धाग्याला चिकटवितात. कपडा अंगावर घासला की त्या फुटतात.

इथे मौज संपते. माझ्या वर्गातला एक मुलगा सदरा धुऊन आला की दिवसभर मान खाजवी. डॉक्टरांनी तपासून सुगंध वर्ज्य केला. आईने पावडर बदलली, मान निवळली. सर्वांनाच असा त्रास होत नाही. पण लिनालूल, लिमोनीन ही सुगंधद्रव्ये हवा लागून बदलतात आणि काहींच्या त्वचेला बाधतात. ती फुलाफळांतही असतात, म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नये. युरोपीय संघाने २००५ पासून अशा २६ द्रव्यांची नावे, ठरावीक प्रमाणापुढे, धुण्याच्या पावडरींच्या वेष्टनावर छापण्याची सक्ती केली.

घरात तान्हे मूल, दमेकरी किंवा नाजूक कातडीचे कोणी असेल, तर बिनसुगंधी पावडर घ्यावी; मळ काढण्यात ती कमी पडत नाही. मात्र ‘वास नाही’ एवढ्यावर भुलू नये. मूळचा वास मारण्यासाठीही सुगंध घालतात. घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ नाही ना, हे पाहावे. शिवाय पावडर बेताची घालावी आणि कपडे भरपूर पाण्यात खळबळावेत.

दिवाळीत उटणे लावावे, अत्तराचा फाया कानात ठेवावा. सुगंधाला पाहुण्यासारखे बोलवावे, पाहुण्यासारखाच निरोप द्यावा. बाळाच्या दुपट्यात त्याला कायमचे बिऱ्हाड देऊ नये.