आसाम करार

आसाम करार हा भारत सरकार, आसाम राज्य सरकार आणि आसाम आंदोलनाचे नेतृत्व करणाऱ्या अखिल आसाम विद्यार्थी संघटना (आसू) व अखिल आसाम गणसंग्राम परिषद या संघटनांमध्ये १५ ऑगस्ट १९८५ रोजी नवी दिल्ली येथे झालेला समझोता आहे. पूर्व पाकिस्तान व नंतरच्या बांगलादेशातून आसामात आलेल्या लोकांपैकी कोणाला नागरिक मानावे आणि कोणाला परकीय, हे ठरवण्यासाठी या कराराने २४ मार्च १९७१ ही अंतिम तारीख निश्चित केली. करारामुळे सहा वर्षांचे आंदोलन थांबले. मात्र परकीयांचा शोध, त्यांची पाठवणी आणि सीमाबंदी हे प्रश्न राजकीय वादाचे विषय राहिले.

पार्श्वभूमी

ब्रिटिश राजवटीत पूर्व बंगालमधील शेतकरी मोठ्या संख्येने ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात स्थायिक झाले. फाळणीनंतर आणि १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात निर्वासितांची त्यात भर पडली. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघातील पोटनिवडणुकीच्या वेळी मतदारयादीत परकीयांची नावे असल्याच्या तक्रारी झाल्या आणि त्यातून आंदोलन उभे राहिले. फेब्रुवारी १९८३ मधील विधानसभा निवडणुकीवर आंदोलकांनी बहिष्कार टाकला. याच काळात, १८ फेब्रुवारी १९८३ रोजी, नेल्ली परिसरात झालेल्या हत्याकांडात अधिकृत आकडेवारीनुसार सुमारे १,८०० लोक मारले गेले. मृतांत बहुसंख्य बंगाली वंशाचे मुसलमान होते.

प्रमुख तरतुदी

पंतप्रधान राजीव गांधी यांच्या उपस्थितीत झालेल्या या करारावर केंद्राच्या वतीने महाराष्ट्र केडरचे सनदी अधिकारी व तत्कालीन गृहसचिव राम प्रधान यांनी, तर आंदोलकांच्या वतीने प्रफुल्लकुमार महंत, भृगुकुमार फुकन आदींनी सह्या केल्या.

• १ जानेवारी १९६६ पूर्वी आलेल्यांना नागरिक मानणे.
• १ जानेवारी १९६६ ते २४ मार्च १९७१ या काळात आलेल्यांची नावे मतदारयादीतून दहा वर्षांसाठी वगळणे.
• २५ मार्च १९७१ रोजी किंवा त्यानंतर आलेल्यांना शोधून देशाबाहेर पाठवणे.
• आसामी लोकांची सांस्कृतिक, सामाजिक व भाषिक ओळख जपण्यासाठी घटनात्मक संरक्षण देणे (कलम ६).
• सीमेवर भिंत, काटेरी कुंपण आदी अडथळे उभारणे व गस्त वाढवणे (कलम ९).

आंदोलकांची मूळ मागणी १९५१ हे आधारवर्ष मानण्याची होती. १९७१ ही तडजोड होती. ती अमलात आणण्यासाठी नागरिकत्व कायद्यात कलम ६अ घालण्यात आले.

अंमलबजावणी आणि वाद

१९८३ चा अवैध स्थलांतरित (न्यायाधिकरणाद्वारे निर्धारण) कायदा फक्त आसामला लागू होता. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार नागरिकत्व सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित व्यक्तीवर होती. या कायद्याने ती उलट बाजूवर टाकली. अल्पसंख्याकांचा छळ टाळण्यासाठी तो आवश्यक असल्याचे समर्थक म्हणत, तर त्यामुळे परकीयांना संरक्षण मिळते असा विरोधकांचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २००५ रोजी हा कायदा रद्द केला.

राष्ट्रीय नागरिक नोंदवहीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली. सुमारे ३.३ कोटी अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण तीतून वगळले गेले. वगळलेल्यांत हिंदू व मुसलमान दोन्ही असल्याने यादीवर परस्परविरोधी बाजूंनी टीका झाली. काहींना हा आकडा फारच कमी वाटला. इतरांच्या मते कागदपत्रे नसलेले गरीब नागरिकच त्यात भरडले गेले. यादीतून वगळलेली व्यक्ती आपोआप परकीय ठरत नाही. तो निर्णय परकीय न्यायाधिकरणे देतात.

२०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्याने बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तानातील सहा बिगर-मुस्लिम समुदायांसाठी ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख ठरवली. धर्म कोणताही असो, १९७१ नंतर आलेला परकीयच, या करारातील तत्त्वाचा त्यामुळे भंग होतो, असे सांगत आसूने त्याला विरोध केला. १७ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कलम ६अ चार विरुद्ध एक मताने वैध ठरवले.

सीमासुरक्षा

भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किमी लांब असून आसामचा वाटा सुमारे २६३ किमी आहे. धुबरी भागात ब्रह्मपुत्रेचे पात्र बदलते आणि बेटे पुरात बुडतात. त्यामुळे तेथे सलग कुंपण घालणे शक्य नाही. या सुमारे ६१ किमी पट्ट्यासाठी मार्च २०१९ मध्ये संवेदक व कॅमेऱ्यांवर आधारित टेहळणी यंत्रणा सुरू करण्यात आली.

हे सुद्धा पहा

• आसाम आंदोलन
• आसाम गण परिषद
• राष्ट्रीय नागरिक नोंदवही