एका केसापासून सुरू झालेले यंत्र

(१/८)
१७८३. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ होरास-बेनेडिक्ट द सोस्यूर यांनी हवेतील आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाचे सविस्तर वर्णन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या उपकरणाचा गाभा होता माणसाचा केस.

(२/८)
सोड्याच्या द्रावणात उकळून तेलकटपणा काढलेला केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा. पण काट्याला जोडताच तो डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

(३/८)
केस केराटिनचा, म्हणजे एका नैसर्गिक पॉलिमरचा बनलेला असतो. येथे आर्द्रता ओळखणारा पदार्थच काटा हलवतो. मग असा पदार्थ एखादे यंत्रही चालवू शकेल काय?

(४/८)
१९५० मध्ये बाझेलचे वेर्नर कून, आहरोन कॅचाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. आम्लधर्मी पॉलिमरच्या जाळ्यावर अल्कलीत ऋणभार येतो. सारखे भार परस्परांना दूर ढकलतात आणि जाळे फुगते. आम्ल मिसळताच भार ओसरतो, जाळे आखडते.

(५/८)
पोलंडमधील वूच येथे जन्मलेले कॅचाल्स्की इस्रायलच्या वाइझमन संस्थेत पॉलिमर विभागाचे प्रमुख होते. स्नायू रासायनिक ऊर्जेचे थेट हालचालीत रूपांतर करतो; तेच प्रयोगशाळेत साधण्याचा त्यांना ध्यास होता.

(६/८)
१९६६ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोलॅजेनच्या तंतूंवर चालणारे यंत्र मांडले. कंडरा आणि कातडी यांत आढळणारे हे प्रथिन लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात आखडते, पाण्यात पुन्हा लांबते. तंतूचा पट्टा या दोन्हींतून आळीपाळीने जाई आणि चाके फिरत राहत. इंधन एकच : खारट द्रावण आणि पाणी यांतील फरक.

(७/८)
३० मे १९७२. लोद विमानतळावर जपानी रेड आर्मीच्या तिघांनी केलेल्या हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत कॅचाल्स्कीही होते. त्यांचे धाकटे बंधू एफ्राइम, तेही पॉलिमरचेच अभ्यासक, पुढच्याच वर्षी इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले.

(८/८)
आज संशोधक सेल्युलोज, जिलेटिन, कायटोसान यांच्या पातळ फिती बनवतात. दोन थरांपैकी एक अधिक फुगला, की फीत वळते. तिच्यापासून नाजूक वस्तू अलगद उचलणारी मऊ यंत्रबोटे घडवता येतात. वाफेची चाहूल लागताच वाकणारे संवेदकही. कॅचाल्स्की गेले, तेव्हा ‘सॉफ्ट रोबॉटिक्स’ हे नाव रूढ झाले नव्हते. त्यांच्या चाकांना फिरवणारे तत्त्व मात्र या फितींत आजही काम करते आहे.