पाच सिग्मांचा रिवाज

विसात एक या हिशेबावर माझी सगळी नोकरी झाली. कोल्हापुरात सांख्यिकी शिकवताना उसाचे वाण, खतांच्या मात्रा अशी उदाहरणं मुलांकडून सोडवून घ्यायची आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, म्हणून तो खरा मानावा. ही रीत फिशरच्या १९२५ सालच्या पुस्तकाने रूढ केली आणि शेतीला ती पुरते. २०१२ मध्ये हिग्ज कणाची घोषणा झाली, तेव्हा वर्गात प्रश्न आला, की हे भौतिकशास्त्रज्ञ पाच सिग्मा कशाला मागतात? सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, आणि निव्वळ योगायोगाने पाच सिग्मांचा फरक पडण्याची शक्यता साधारण ३५ लाखांत एक. हा आकडा कुठल्या प्रमेयातून निघत नाही. तो रिवाज आहे, आणि त्याचं मूळ हिग्जच्या फार आधी, १९६०च्या दशकातल्या बर्कलीत, चमत्कारिक मेसॉनांच्या शोधात आहे.

बर्कलीत लुई अल्वारेझ यांच्या गटाचा ७२ इंची बबल चेंबर १९५९ मध्ये सुरू झाला. द्रवरूप हायड्रोजनमधून विद्युतभारित कण गेला की मागे बुडबुड्यांची रेघ उठायची, तिचे फोटो निघायचे. फिल्मची रिळं पडद्यावर लावून स्कॅनर मंडळी (त्यांत बायका पुष्कळ) हव्या त्या रेघा निवडायची. मग ‘फ्रँकेन्स्टाइन’ नावाच्या यंत्रावर त्यांची मोजणी. जॅक फ्रँक या अभियंत्यावरून हे नाव पडलेलं. रेघांच्या वक्रतेवरून कणांचा संवेग कळतो. दोन-तीन कणांचे संवेग जुळवले की ते ज्यातून फुटले त्या अल्पजीवी कणाचं वस्तुमान काढता येतं. अशा हजारो वस्तुमानांचा हिस्टोग्राम काढायचा. त्यात एखाद्या जागी टेंगूळ आलं, तर तिथे नवा कण असण्याचा संभव.

१९६४ मध्ये गेल-मान आणि झ्वाइग यांनी क्वार्कची कल्पना मांडली आणि या टेंगळांना शिस्त लागली. मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क. या जोडीतून विद्युतभार उणे एक, शून्य किंवा अधिक एक एवढाच निघतो. अधिक दोन भाराचा मेसॉन सापडला तर जोडीचा नियम मोडला. असे नियमाबाहेरचे ते ‘एक्झॉटिक’. साहजिकच जो तो त्यांच्या मागे लागला.

आर्थर रोझेनफेल्ड हे अल्वारेझ यांच्याच गटातले, फर्मींचे शिष्य. १९५७ पासून गेल-मान यांच्यासह त्यांनी कणांची जी यादी करायला घेतली, तिच्यातूनच आजचा पार्टिकल डेटा ग्रुप उभा राहिला. कोणीही नवा कण सापडल्याचं म्हटलं की प्रश्न त्यांच्या टेबलावर: यादीत घ्यायचा की नाही? १९६८ मध्ये फिलाडेल्फियाच्या परिषदेत त्यांनी एक्झॉटिक कणांच्या दाव्यांचा झाडा घेतला आणि सगळ्या क्षेत्रात मिळून वर्षाला किती हिस्टोग्राम पाहिले जातात याचाच अंदाज बांधला. मी वर्गात तो हिशेब गोल आकड्यांत मांडत असे. समजा दहा हजार हिस्टोग्राम, प्रत्येकात चाळीस रकाने. म्हणजे योगायोगाला चार लाख संधी. तीन सिग्मांची खोटी टेंगळं निघतील पाचशेच्या वर. चार सिग्मांची डझनभर. पाच सिग्मांचं मात्र आठ-नऊ वर्षांत एखादं. शेतकऱ्याचा प्रयोग एक असतो, म्हणून त्याला विसात एक चालतं. चार लाख जागी डोकावणाऱ्याला ते कसं चालेल?

रोझेनफेल्ड यांचे सहकारी गेरी लिंच यांनी ‘गेम’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. कोणी टेंगूळ घेऊन आला, की संगणक त्याच माहितीवरून, पण टेंगूळ नसलेल्या गुळगुळीत वक्रावरून, शंभर बनावट हिस्टोग्राम काढायचा आणि खरा त्यांत मिसळायचा. मग मित्रांना विचारायचं, यातला सर्वांत ठसठशीत कुठला? पुष्कळदा बोट बनावटावरच पडे. विभागाच्या व्हरांड्यात मी हा खेळ लावला होता. मराठीच्या एका प्राध्यापकांनी ज्या कागदासमोर उभं राहून ‘यात काहीतरी आहे’ म्हटलं, तो अर्थातच यंत्राने पाडलेला होता.

रोझेनफेल्ड हा झाडा घेत होते त्याच काळात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत ‘ए-टू’ मेसॉनचं प्रकरण गाजत होतं. १३०० एमईव्ही वस्तुमानाच्या आसपासचं हे टेंगूळ मधोमध खचलेलं, उंटाच्या दोन मदारींसारखं दिसलं. इतर काही प्रयोगांनीही दुजोरा दिला. कणभौतिकीच्या गोटात आजही सांगतात, की खाच दिसली नाही तर लोक उपकरणात दोष शोधत आणि दिसली तर शोधत नसत. १९७१ च्या सुमारास भरपूर माहिती गोळा करून पाहिलं, तेव्हा टेंगूळ एकसंध निघालं.

रोझेनफेल्ड यांचा सल्ला दुहेरी होता. सिद्धांतवाल्यांनी पाच सिग्मांच्या जवळ जाईपर्यंत थांबावं. प्रयोगवाल्यांनी खुशाल छापावं, पण त्याहून कमी असेल तर प्रयोग पुन्हा करावा लागेल हे जाणून. पहिला भाग नियम होऊन बसला. माझ्या मते वजन दुसऱ्यात होतं, आणि पाचाचा आकडा ओलांडला तरी ते कमी होत नाही. २००३ मध्ये थीटा-प्लस या पाच क्वार्कांच्या कणाबद्दल अमेरिकेतल्या क्लास गटाने ५.२ सिग्मा नोंदवले. त्याच गटाने कितीतरी जास्त माहिती घेऊन प्रयोग परत केला, तर काहीच उरलं नाही.

उलटही घडलं. २००७ मध्ये जपानच्या त्सुकुबातल्या बेल प्रयोगाने (यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही होती) झेड-४४३० हा भारित मेसॉन ६.५ सिग्मांनी जाहीर केला. त्यातल्या चार्म क्वार्कचा आणि त्याच्या प्रतिक्वार्कचा मिळून भार शून्य होतो. म्हणजे या भारित कणात किमान चार क्वार्क हवेत. कॅलिफोर्नियातल्या बाबार गटाला तो ठोस दिसला नाही, आणि सहा-सात वर्षं वाद लोंबकळला. २०१४ मध्ये सर्नच्या एलएचसीबीने २५ हजारांहून अधिक क्षय तपासून १३.९ सिग्मा दिले आणि वाद मिटला. रोझेनफेल्ड तेव्हा हयात होते. पण १९७३ च्या तेलटंचाईनंतर ते कण सोडून ऊर्जा वाचवणाऱ्या फ्रिज-खिडक्यांकडे वळले, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. झेडमधले चार क्वार्क एकाच गाठोड्यात आहेत, की दोन मेसॉन एकमेकांना सैलसर धरून आहेत, यावर भांडण अजून चालू आहे.